अक्षर, यादी आणि संपर्क : संगणकाच्या नित्य वापराचे काही धडे

या स्मरणिकेच्या संपादनाचे काम आमच्याकडे सोपविले गेले, तेव्हा लेख मिळविणे हेच अवघड जाईल अशी आमची समजूत होती. प्रत्यक्षात लेख भरपूर आले. अडचण निराळीच निघाली. आलेल्या लेखांपैकी कित्येक आमच्या संगणकावर उघडल्यावर वाचताच येईनात. छायाचित्रे मोबाईलच्या पडद्यावर सुंदर दिसत, मुद्रकाकडे गेली की धूसर होत. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत एकच व्यक्ती तीन ठिकाणी, तीन निरनिराळ्या नावांनी आढळे. या सर्व अडचणी निस्तरताना जे शिकायला मिळाले, ते वाचकांपुढे ठेवावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. आम्ही संगणकशास्त्राचे पदवीधर नाही. चुका करून, पुन्हा करून आणि विचारून जे कळले, तेवढेच येथे सांगत आहोत.

एक प्रसंग मात्र आरंभीच नोंदविला पाहिजे. आपल्या वसतिगृहाचे स्वयंपाकघर दीर्घकाळ सांभाळणाऱ्या मावशी अनेकांना आठवत असतील. त्यांच्या आठवणी एका माजी विद्यार्थ्याने त्यांच्यापाशी बसून लिहून घेतल्या आणि आपल्या संगणकावर टंकलिखित केल्या. एकूण अकरा पाने झाली होती. स्मरणिकेचे काम सुरू होण्यापूर्वीच तो संगणक बंद पडला आणि त्यातील हार्ड डिस्क पुन्हा चालू झाली नाही. हस्तलिखित कागद घर बदलताना गहाळ झाले होते. एका पेनड्राइव्हवर जुनी प्रत सापडली, ती पहिल्या तीन पानांची. मावशी आता आपल्यात नाहीत. या अंकात त्यांची तीनच पाने छापली आहेत, उरलेली आठ आता कोणीही लिहू शकणार नाही. पुढील सर्व सूचना वाचताना हा प्रसंग लक्षात ठेवावा, ही विनंती.

१. अक्षरे : सर्वांचा एकच संकेत

खापरखेड्याच्या रहिवाशांना विजेचे उदाहरण सहज पटेल. आपल्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता १,३४० मेगावॉट आहे. २१० मेगावॉटचे चार संच आणि ५०० मेगावॉटचा एक. येथे निर्माण होणारी वीज देशाच्या जाळ्यात मिसळते, ती सर्व केंद्रे ५० हर्ट्झ ही एकच वारंवारिता पाळतात म्हणून. एखाद्या संचाने आपली निराळी वारंवारिता ठरविली, तर तो जाळ्यात राहू शकत नाही. अक्षरांचेही तसेच आहे.

संगणक अक्षर साठवीत नाही, अक्षराचा क्रमांक साठवितो. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायम क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५ आहे, मग तो नागपुरात लिहिलेला असो वा जपानमध्ये. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हापासून देवनागरीला त्यात स्थान आहे. याउलट कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये संगणक रोमन अक्षराचाच क्रमांक साठवितो आणि त्यावर मराठी अक्षराचे केवळ चित्र दाखवितो. तो फॉन्ट ज्या संगणकावर नाही, तेथे चित्र गळून पडते आणि मूळ रोमन अक्षरे उघडी पडतात. त्यामुळे कृतिदेवमध्ये लिहिलेला ‘मराठी’ हा शब्द दुसरीकडे ‘ई, जे, के, बी, एच’ अशा पाच रोमन अक्षरांचा दिसतो. आमच्याकडे आलेले न वाचता येणारे लेख बहुतांशी असेच होते. मावशींची उरलेली तीन पानेही याच अवस्थेत मिळाली होती.

यावरील उपाय सोपा आहे. यापुढे लिहायचे ते युनिकोडमध्येच लिहावे. विंडोज संगणकाच्या सेटिंग्जमध्ये भाषेच्या विभागात जाऊन मराठी भाषा जोडावी. त्यानंतर विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबताच इंग्रजी व मराठी कळफलक आलटून पालटून येतात. मराठीसाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक शिकून घ्यावा. त्याची मांडणी तर्कशुद्ध आहे. स्वर व मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ‘क’च्या कळीवर शिफ्ट दाबले की ‘ख’, ‘ग’च्या कळीवर शिफ्ट दाबले की ‘घ’. अक्षरे उच्चाराच्या क्रमाने उमटवावी लागतात. ‘कि’ लिहिताना आधी ‘क’, मग ऱ्हस्व वेलांटी. जुन्या टंकलेखन यंत्राची सवय असलेल्यांना हा क्रम आरंभी उलटा वाटेल, परंतु रोज अर्धा तास दिल्यास तीन-चार आठवड्यांत हात बसतो. मोबाईलवर बोलून मराठी लिहिण्याची सोयही आता बरी आहे. वयोवृद्धांच्या आठवणी उतरवून घेण्यासाठी ती फार उपयोगी आहे. मात्र उमटलेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घालावा, कारण नावे आणि जोडाक्षरे चुकतात.

जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. ती वापरल्यावर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘श्र’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ ही अक्षरे विशेष तपासावीत. चुका प्रायः तेथेच राहतात.

२. फाइल : नाव, जागा आणि तीन प्रती

‘लेख’, ‘लेख नवीन’, ‘लेख अंतिम’, ‘लेख अंतिम खरा’ अशा नावांच्या फाइली आम्हांस एकाच लेखकाकडून मिळाल्या आणि कोणती छापावी हे त्यांनाही सांगता येईना. फाइलीच्या नावात आरंभी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि त्यानंतर विषय लिहावा. असे केल्याने फाइली आपोआप कालक्रमाने लागतात आणि नवी प्रत कोणती, हा प्रश्न उरत नाही.

लिहिताना दर काही मिनिटांनी कंट्रोल व ‘एस’ दाबून मजकूर जतन करण्याची सवय लावावी. चुकून पुसले गेल्यास कंट्रोल व ‘झेड’ने मागे जाता येते. एखादे नाव संपूर्ण लेखात शोधायचे असल्यास कंट्रोल व ‘एफ’, आणि एकाच्या जागी दुसरा शब्द घालायचा असल्यास कंट्रोल व ‘एच’. एवढ्या चार जोड्या हाताशी असल्या तरी पुष्कळ वेळ वाचतो. वर्ड विकत घेणे परवडत नसल्यास लिबरऑफिस हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरावे. चोरून घातलेल्या प्रतींबरोबर व्हायरस येण्याचा धोका असतो. जो मजकूर दुसऱ्याने दुरुस्त करायचा आहे तो मूळ स्वरूपात पाठवावा, जो केवळ वाचायचा वा छापायचा आहे तो पीडीएफ करून पाठवावा.

महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्यात, त्या किमान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी असावी. जगभर हा नियम सांगितला जातो. आपल्यासाठी त्याचा अर्थ असा : एक प्रत संगणकावर, दुसरी पेनड्राइव्हवर, तिसरी गूगल ड्राइव्हसारख्या ठिकाणी. गूगलच्या प्रत्येक खात्याबरोबर १५ जीबी जागा विनामूल्य मिळते. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांची ती सामाईक जागा आहे, म्हणून अनावश्यक चित्रफिती काढून टाकाव्यात. पेनड्राइव्ह ही वाहून नेण्याची वस्तू आहे, कायम ठेवण्याची नव्हे. मावशींची आठ पाने वाचविण्यास एक ई-मेल पुरेसा झाला असता. स्वतःच्याच पत्त्यावर फाइल पाठविली असती, तरी ती आज या अंकात असती.

३. माजी विद्यार्थ्यांची यादी

यादीसाठी एक्सेल किंवा तत्सम सॉफ्टवेअर वापरताना एक ओळ म्हणजे एक व्यक्ती आणि एक रकाना म्हणजे एकच माहिती, हा नियम कसोशीने पाळावा. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, दहावीचे वर्ष, गाव, मोबाईल क्रमांक यांना स्वतंत्र रकाने द्यावेत. शोभेसाठी रकाने एकत्र जोडू नयेत. तसे केल्यास क्रमवारी लावता येत नाही.

एक सूक्ष्म परंतु महागात पडणारी गोष्ट : एक्सेल अंकांना गणितातील संख्या समजते. बँक खात्याचा क्रमांक शून्याने सुरू होत असेल, तर ते शून्य गळून पडते. क्रमांक पंधरा अंकांहून मोठा असेल, तर सोळाव्या अंकापासून पुढे शून्ये भरली जातात आणि मूळ अंक परत मिळत नाहीत. म्हणून क्रमांक भरण्यापूर्वी तो रकाना ‘टेक्स्ट’ या प्रकाराचा करून घ्यावा. आधी भरून मग प्रकार बदलल्यास गेलेले अंक येत नाहीत.

नावांची समस्या याहून मोठी आहे. खोब्रागडे आणि खोबरागडे ही संगणकाच्या दृष्टीने दोन कुळे आहेत. विवाहानंतर आडनाव बदललेल्या भगिनी तर यादीतून जणू नाहीशाच होतात. आमच्या पहिल्या यादीत मुलींची संख्या कमी दिसली, तेव्हा कारण हेच निघाले. म्हणून प्रत्येक भगिनीचे शाळेतील नाव आणि सध्याचे नाव असे दोन्ही रकाने ठेवावेत. व्यक्तीची खरी ओळख म्हणून दाखल-खारीज रजिस्टरमधील क्रमांक घ्यावा, तो लग्नाने, स्थलांतराने वा लेखनभेदाने बदलत नाही.

आधार क्रमांक, जन्मतारीख वा बँकेचा तपशील अशा यादीत मागू नये. जी माहिती लागत नाही ती गोळा करू नये आणि जी गोळा केली ती सांगितलेल्या कामासाठीच वापरावी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यामागील विचारही हाच आहे. यादीची लिंक पाठविताना ‘लिंक असलेला कोणीही’ हा पर्याय टाळावा आणि निवडक व्यक्तींनाच ती खुली करावी.

४. छायाचित्रे

व्हॉट्सॲपवरून साध्या पद्धतीने पाठविलेले छायाचित्र आकाराने आकसते. पडद्यावर फरक जाणवत नाही, छपाईत जाणवतो. छापण्यासाठी दर इंचाला सुमारे ३०० बिंदू लागतात. म्हणजे सहा बाय चार इंचांच्या छायाचित्राला १,८०० बाय १,२०० बिंदू हवेत. म्हणून जुने छायाचित्र पाठविताना ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडावे किंवा ई-मेलने पाठवावे. कागदी छायाचित्राचा मोबाईलने फोटो घेताना ते काचेतून व अल्बममधून बाहेर काढावे, दिवसाच्या उजेडात सपाट ठेवावे आणि फ्लॅश बंद करावा. शक्य असल्यास स्कॅनर वापरावा. मागील बाजूस कोणी काही लिहिले असेल, तर तीही बाजू स्कॅन करावी. छायाचित्रातील माणसांची नावे डावीकडून उजवीकडे लिहून ठेवावीत. ओळखणारे आहेत तोवरच हे काम होऊ शकते.

५. गट आणि पत्रव्यवहार

माजी विद्यार्थ्यांचा व्हॉट्सॲप गट ही मोठी सोय आहे, परंतु सूचना आणि गप्पा एकाच गटात असल्या की सूचना हरवतात. दोन गट करावेत. सूचनांच्या गटात केवळ व्यवस्थापकांनाच लिहिता येईल अशी व्यवस्था ठेवावी. एका गटात १,०२४ पर्यंत सदस्य घेता येतात. ब्रॉडकास्ट यादीतून पाठविलेला संदेश मात्र ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो, हे अनेकांना ठाऊक नसते. ‘आम्हांला निरोपच आला नाही’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा तेथे असते. अनेकांना एकच ई-मेल पाठविताना पत्ते ‘बीसीसी’ या रकान्यात लिहावेत, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्यास दिसत नाही.

गटावरील बोलण्याविषयी निराळा नियम शोधण्याची गरज नाही. असत्य, फूट पाडणारे, कठोर आणि निरर्थक, अशा चार प्रकारच्या बोलण्यापासून दूर राहणे म्हणजे सम्यक वाचा, हे आपण प्रार्थनेच्या वेळी ऐकत आलो. फॉरवर्डचे बटण दाबण्यापूर्वी या चार कसोट्या लावाव्यात. अनेकदा पुढे ढकलल्या गेलेल्या संदेशावर दोन बाणांची खूण असते. ती खूण म्हणजे सत्यतेचा दाखला नव्हे, उलट सावधगिरीची सूचना आहे. १४ एप्रिल आणि १४ ऑक्टोबर जवळ आले की बाबासाहेबांच्या नावावर कोणतीही वाक्ये फिरू लागतात. महाराष्ट्र शासनाने त्यांचे लेखन व भाषणे १९७९ पासून खंडांच्या रूपाने प्रसिद्ध केली आहेत आणि हे इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावरही उपलब्ध आहेत. वाक्य कोणत्या खंडात आहे, असे विचारण्याची सवय गटाला लागली, तरी बरीच स्वच्छता होईल.

६. शिष्यवृत्तीचा अर्ज

पालकांनी हा भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा. दहावीनंतर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावर भरावा लागतो. तो प्रथम महाविद्यालयाकडे आणि नंतर समाजकल्याण कार्यालयाकडे जातो. कागदपत्रांत त्रुटी आढळल्यास अर्ज परत येतो आणि विद्यार्थ्याने तो दुरुस्त करून पुन्हा पाठवावा लागतो.

आपल्या एका माजी विद्यार्थिनीचा अर्ज असाच परत आला. परंतु तो भरताना नेट कॅफेचालकाने स्वतःचाच मोबाईल क्रमांक व ई-मेल टाकला होता. सूचना त्याच्याकडे गेली, तिला कळलेच नाही. मुदत टळली आणि एका वर्षाची फी वडिलांना उसनवारी करून भरावी लागली. येथे मुलीचा अभ्यास कमी पडला नव्हता. कमी पडले ते स्वतःचे ई-मेल खाते आणि महिन्यातून दोनदा अर्जाची स्थिती पाहण्याची सवय.

म्हणून दहावीच्या वर्षीच विद्यार्थ्याचे स्वतःचे ई-मेल खाते उघडावे. अर्जात क्रमांक घरचाच द्यावा. वापरकर्ता नाव व पासवर्ड वहीत लिहून घरी ठेवावा, कॅफेचालकाच्या स्मरणावर सोडू नये. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि जातीचा दाखला यांतील नावे अक्षरशः जुळतात का, हे आधीच पाहावे. शिष्यवृत्तीची रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या बँक खात्यात जमा होते. घरात दोन खाती असतील तर कोणते जोडलेले आहे, हे आधारच्या संकेतस्थळावर पाहता येते. २०१५ साली सुरू झालेल्या डिजिलॉकरमधून मिळणारी अधिकृत कागदपत्रे कायद्याने मूळ प्रतींच्या बरोबरीची मानली जातात, त्याचे खाते अवश्य उघडावे. सार्वजनिक संगणकावर काम संपल्यावर खात्यातून बाहेर पडावे आणि डाउनलोड केलेले दाखले पुसून टाकावेत. आणि अर्ज दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो, हे विसरू नये.

७. फसवणुकीपासून बचाव

‘आपले वीजबिल थकले आहे, आज रात्री वीज तोडली जाईल, या क्रमांकावर संपर्क करा’ असा संदेश वीज केंद्राच्या सावलीत राहणाऱ्यांनाही घाबरवितो. अशा संदेशांत एक समान लक्षण असते, ते म्हणजे घाई. घाई करणाऱ्यास थांबवावे आणि बिलावर छापलेल्या क्रमांकावर आपण होऊन चौकशी करावी.

काही गोष्टी घरातील सर्वांना पाठ असाव्यात. पैसे स्वीकारण्यासाठी यूपीआय पिन कधीही लागत नाही, तो पैसे देण्यासाठी लागतो. ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो. लग्नपत्रिका वा सरकारी योजना म्हणून आलेली ‘एपीके’ फाइल उघडायची नसते. व्हिडिओ कॉलवरून पोलीस कोणालाही अटक करीत नाहीत, ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची तरतूद भारतीय कायद्यात नाही. व्हॉट्सॲपमध्ये सहा अंकी पिनची दुहेरी पडताळणी चालू ठेवावी. पासवर्ड लांब असावा आणि ई-मेल व बँक यांचा एकच नसावा.

एवढे करूनही फसवणूक झालीच, तर लाजेपोटी गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता अधिक. फसलेल्या माणसाला घरच्यांनी बोल लावू नयेत. बोल लागण्याच्या भीतीनेच तक्रारीला उशीर होतो.

समारोप

बालपणी आपल्यापैकी अनेकांना घरी लिहिणारे-वाचणारे कोणी नव्हते. पत्र आले की ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागे आणि वाचणारा सांगेल तेच खरे मानावे लागे. शाळेने आपल्याला त्या परावलंबनातून सोडविले. आज ई-मेल, अर्ज आणि पासवर्ड यांबाबत आपण पुन्हा दुसऱ्याच्या हातात जाता कामा नये. ज्यांना हे येते त्यांनी आपल्या गावातील दोन मुलांना व एका वडीलधाऱ्यास ते शिकवावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.

माजी विद्यार्थी बंधुभगिनींना शेवटची विनंती तीन कामांची. आपले शाळेतील व सध्याचे नाव, दहावीचे वर्ष आणि मोबाईल क्रमांक शाळेच्या कार्यालयात कळवावा. घरात शाळेचे एखादे जुने छायाचित्र असेल, तर ते स्कॅन करून, मागे-पुढे नावांसह पाठवावे. आणि आपल्या ओळखीत शाळेचे जुने दिवस पाहिलेले कोणी असेल, तर या महिन्यातच त्यांच्यापाशी बसावे, ऐकावे, उतरवून घ्यावे आणि उठण्यापूर्वी त्याची एक प्रत दुसऱ्या कोणाकडे पाठवून द्यावी.